पुठ्ठ्यावरचे दोन खळगे

अस्मारातल्या मेदेबर बाजारात हबतेत्सियोन
तारेवर जुन्या सीटा टांगून ठेवतो,
सुकत घातलेल्या माशांसारख्या, चोच खाली.
कुणाची शिवण उसवलेली,
कुणाच्या पोटातून पिवळा स्पंज डोकावतो,
एकीवर कुठल्याशा क्लबचा
अर्धा सोललेला उंट.

मी सरळ सगळ्यात मऊ सीटला हात घातला.
अंगठा रुतला. मन भरलं.
"ही केवढ्याला?"
हातोडी न थांबवता तो म्हणाला,
"ही खोगीरभरती आहे, अब्रेहेत.
इथे दुकानात गादी,
आर्बेरोबापर्यंत उशी,
आणि परतीचा घाट चढताना नुसता चिखल.
बूड रुततं, मांड बसत नाही."

आता ह्याला काय सांगू?
वॉर्डात बारा तास मी उभी असते,
रविवारी चार तास सायकलवर,
आणि सोमवारी मेट्रनबाईंनी खुर्ची पुढे केली
तरी उभीच.
कुठे दुखतं ते बाईनं सांगायचं नसतं.
पुरुषही सांगत नाहीत म्हणा,
शर्यतीनंतर सगळे सारखेच
पाय फाकवून कॅफेत शिरतात
आणि मॅकियाटो उभ्यानं पितात.

शेजारी होती ती इटालियन,
चामड्याची, पितळी खिळ्यांची,
माझ्या दीड पगाराची.
तिचा नुसता वास घेतला.

मग त्यानं साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला,
दगडी पायरीवर ठेवला.
"बस. गुडघे वर. पुढे वाक,
हँडल धरल्यासारखी. ऊठ आता."
एवढं सांगताना पाठ फिरवून उभा होता,
तेवढं त्याला कळतं.

पुठ्ठ्यावर दोन खळगे.
दुसऱ्यांची हाडं मी रोज बघते,
एक्सरेच्या उजेडात, नावगाव लिहून.
ही माझी.
सगळं वजन घेऊन मी जगावर टेकते
ती एवढीशी जागा, दोन बोरांएवढी.
त्यानं खडूनं मध्य काढले, पट्टी लावली:
एकशे चौतीस मिलिमीटर.
"आणि आजवर कशावर बसत होतीस?"
भावाच्या सीटवर.
"म्हणजे बसतच नव्हतीस."

भाऊ गेला त्या रात्री
सायकल भिंतीला टेकवून गेला, कुलूप न लावता.
सहा वर्षं मी हँडल बदललं, चेन बदलली,
दोन्ही टायर तर दोनदा,
सीटला मात्र पान्हा लावला नाही.
उंची कमी केली तीही एका बोटाएवढी.

हबतेत्सियोननं तारेवरून एक उतरवली.
काळी, रुंद, ओबडधोबड,
मध्ये उभी चीर, टोक कुरतडलेलं.
हाताला कडक, कुत्र्याच्या पंजासारखी.
दोन्ही खळगे तिच्यावर नीट बसले.
"साडेतीनशे नाक्फा. जुनी दिलीस तर अडीचशे."
मी साडेतीनशे मोजले.
तोही पुढे काही बोलला नाही,
वर रेल घासायला थोडं ग्रीस दिलं, कागदात बांधून.

रविवारी नेफासितला उतरले.
धुकं दरीतून वर चढत होतं,
कठड्यावर वानरांचं अख्खं कुटुंब,
ढुंगणाला जन्मजात घट्टे,
मोजमाप नाही, घासाघीस नाही, फुकट.
हेवा वाटला.
परतताना चढावर दुखायचं ते दुखलंच,
पण मांड्या दुखल्या, पोटऱ्या दुखल्या,
जिथे दुखायला हवं तिथे.
तिसऱ्या वळणानंतर केव्हातरी
सीट आहे हेच विसरले.

घरी आल्यावर भावाची सीट
कपाटावरून खाली घेतली, धूळ पुसली.
उजेडात तिरकी धरली तेव्हा दिसलं,
त्याचेही दोन खळगे आहेत तिच्यात,
माझ्याहून जवळजवळ,
डावा जरा जास्त खोल.
एकेकात एकेक बोट ठेवून
तशीच बसून राहिले,
खुर्चीवर, बराच वेळ.